धान्याऐवजी दाम

मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून दरमहा माणशी ५ किलो धान्य, गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो दराने, मिळत असे. आत्महत्यांनी होरपळलेल्या या मुलखात निदान चूल विझू नये, हा त्यामागील हेतू. २०२३ मध्ये राज्य शासनाने धान्याऐवजी माणशी १५० रुपये बँकेत जमा करण्याचे ठरविले. केंद्राकडून या योजनेसाठी धान्य मिळेनासे झाले, हे कारण. २०२४ मध्ये ही रक्कम १७० रुपये झाली.

रोख रकमेचे समर्थक म्हणतात, रेशन दुकानातील काळाबाजार संपेल आणि गरिबाला निवडीचे स्वातंत्र्य लाभेल. काळाबाजार खोटा नाही. आपणच त्याविरुद्ध मोर्चे काढले आहेत. परंतु माप मारणाऱ्या दुकानदाराला शासन करावयाचे की दुकानच उठवावयाचे? आणि निवड कसली? १७० रुपयांत ५ किलो म्हणजे किलोला ३४ रुपये. बाजारभाव त्यापुढे गेला की तेवढा घास कमी होतो. धान्याचे पाच किलो महागाईतही पाच किलोच राहतात. रुपया मात्र शासनाने वाढविल्यावाचून वाढत नाही.

शेतकरी स्वतः पिकवितो, त्याला धान्य कशाला, असेही म्हटले जाते. या पट्ट्यातील कोरडवाहू शेतकरी मुख्यतः कापूस व सोयाबीन पिकवितो आणि गहू-तांदूळ विकत घेतो. पीक बुडाले की खात्यात आलेली रक्कम आधी देणेकऱ्याकडे वळते.

झारखंडमधील नगडी तालुक्यात २०१७ साली असाच प्रयोग झाला. आधी बँकेतून पैसे काढा, मग रेशन दुकानात ३२ रुपये किलोने तांदूळ घ्या, अशी ती रीत होती. रोजगार बुडवून हेलपाटे घालणाऱ्या लोकांनी मोर्चा काढला आणि २०१८ मध्ये शासनाला प्रयोग मागे घ्यावा लागला.

आपला विरोध रोख रकमेला तत्त्वतः नाही. वृद्धांना, निराधारांना निवृत्तिवेतन रोखच हवे. प्रश्न आहे तो हक्काच्या मोजमापाचा. म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव दोन मागण्या लावून धराव्यात : धान्य की पैसा, हे कुटुंबाने ठरवावे, आणि पैसाच द्यावयाचा तर तो स्थानिक बाजारभावाशी बांधलेला असावा. भूक किलोत मोजली जाते, रुपयांत नव्हे.