पंचांग कुठले धरायचे?

२०२३ साली टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत गणपती २० ऑगस्टला बसले आणि दाते पंचांग पाळणाऱ्यांकडे १९ सप्टेंबरला. गणपती तोच, चतुर्थीही भाद्रपदातलीच. दाते पंचांगात त्या वर्षी श्रावण अधिक होता, टिळक पंचांगात नव्हता, एवढेच. पुष्कळांना याची गंमत वाटते. मला वाटत नाही, कारण या महिन्याच्या अंतरामागे जी सुमारे चार अंशांची तफावत आहे, तीच मुलामुलींच्या पत्रिकांतही बसलेली असते, आणि तिथे तिला कोणी हसत नाही.

वास्तविक ग्रहांच्या गतीबद्दल आता फारसे भांडण उरलेले नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचून ज्या-कोटिज्यांशिवाय ग्रह काढण्याची सोय केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या पंचांगे त्यावर चालली. पुढे आकडे आकाशाशी जुळेनात, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर यांनी वेधाशी जुळणाऱ्या गणिताचा आग्रह धरला. खरा वाद आहे तो ग्रह कुठून मोजायचे याचा. सूर्यसिद्धांत चित्रा तारा १८० अंशांवर सांगतो आणि रेवती ३५९ अंश ५० कलांवर. आज रेवतीची म्हणून जी तारा धरतात, तिच्याशी हे दोन्ही एकदम साधत नाही. एक जागेवर ठेवली की दुसरी जवळजवळ चार अंश सरकते. छत्रे आणि टिळक रेवतीच्या बाजूचे. केतकरांनी पुढे चित्रेची बाजू मांडली.

१९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तीत आपल्याकडचे के. ल. दप्तरी होते, 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. समितीने २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला धरले. हेच आजचे 'लाहिरी'. हा आकडा आकाशात कोरलेला नव्हता. देशभर एक पंचांग असावे म्हणून काही विद्वानांनी बसून तो ठरवला, आणि त्यासाठी तो उत्तमच आहे. कोणाची सून सासूला जड जाईल, हा प्रश्न त्या समितीपुढे नव्हता.

तो आमच्यापुढे आला. ताईला एक स्थळ सांगून आले होते, बोलणी होत आली होती. मग पत्रिका गेली आणि निरोप आला, मुलगी आश्लेषा नक्षत्राची, सासूला वाईट. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, म्हणून 'जरा बघ गं' असे आईने मला सांगितले. मोबाईलवर पत्रिका करायच्या अ‍ॅपमध्ये 'अयनांश' असा एक रकाना असतो. लाहिरी, रामन, कृष्णमूर्ती, रेवती. बोट लावावे तसे बदलते. लाहिरीने ताईचा चंद्र कर्क राशीत २८ अंशांवर, आश्लेषा. रेवतीने सिंह राशीत २ अंशांवर, मघा. सासूबाई वाचल्या!

ताई काही अपवाद नव्हे. नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणजे चार अंशांच्या फरकाने दर दहांत तिघांचे नक्षत्र बदलणार. रास ३० अंशांची, तरी सात-आठ जणांत एकाची बदलतेच. ज्याची शुक्राची २० वर्षांची महादशा, तिचा शेवट सहा वर्षे पुढेमागे होतो. सहा वर्षांत माणूस बारावी होऊन एम.ए.ही होतो!

बरे, एवढे करून हाताशी जन्मवेळ काय असते? आईला विचारले, तर ताई झाली तेव्हा गुरे घरी येत होती. लग्नबिंदू साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतो. गुरे काय मिनिटे पाहून येतात?

यावर जाणती माणसे म्हणतात, अनुभवाला जे येते ते अयनांश खरे. पण घडून गेलेले पाहून अयनांश निवडणे म्हणजे मागच्या पानावरचे उत्तर बघून गणित सोडवणे. तसे मलाही जमेल. शिवाय हे सांगणाऱ्यांपैकी किती जण पत्रिका 'जमत नाही' म्हणताना आपण कोणते अयनांश धरले ते सांगतात? ताईच्या पत्रिकेवर ते कुठेच लिहिलेले नव्हते. फक्त वर कुंकवाची बोटे होती.

सणांचे मला काही म्हणायचे नाही. दोन महिन्यांत दोनदा मोदक मिळाले तर कोण तक्रार करील? पण ज्या प्रश्नाचे उत्तर अयनांशाबरोबर उलटते, त्याच्या जोरावर कोणी मुलगी नाकारू नये, आणि पत्रिका पाहणाऱ्यांनी निदान आपला पक्ष आधी लिहून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्योतिष खरे की खोटे हा वाद प्राध्यापकांनी वर्गात घालावा. एवढी मागणी तर ज्योतिषावर विश्वास असणाऱ्यालाही मान्य व्हावी.

ताईचे अजून जमायचे आहे. पुढची पत्रिका देताना अयनांश कोणते, आणि दुसऱ्या पक्षाने नक्षत्र कोणते येते, हे दोन्ही मी तिच्यावर लिहिणार आहे. वडील म्हणतात, असले लिहिलेस तर माणसे पत्रिका परत द्यायलासुद्धा यायची नाहीत.