झोपेचं कोण विचारणार?

एचआयव्हीचा पेशंट दवाखान्यात गेला की पहिला प्रश्न ठरलेला - गोळ्या चुकवल्या नाहीत ना? उरलेल्या गोळ्याही मोजतात. मोजाव्यातच. पण "रात्री झोप लागते का?" हे कोण विचारतं?

२००४ पासून सरकार ही औषधं फुकट देतंय, लाखो जीव वाचले, हे मान्यच. पण त्यातल्या इफाविरेन्झने कित्येक वर्षं कित्येकांची झोप उडवली, भलतीसलती स्वप्नं दाखवली. आता तिच्या जागी डोल्युटेग्रॅविर आलंय. त्यानेही काहींची झोप जाते. शिवाय "लोकांना कळलं तर?" ही धास्ती आहेच.

दिवसभरात शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. झोपच नाही तर लक्षात काय राहणार? मग माणूस गोळी विसरतो आणि वर त्यालाच निष्काळजी म्हणायचं! वर्गात पेंगणाऱ्या उपाशी पोराला 'ढ' ठरवण्यातलाच हा प्रकार.

विसरण्याला इतरही कारणं असतात - खुद्द विषाणू, नैराश्य, वय. म्हणूनच तर विचारायला हवं. डोल्युटेग्रॅविर रात्रीऐवजी सकाळी घेतलं, अर्थात डॉक्टरांना विचारून, तर काहींना झोप लागते. याला ना पैसा लागतो, ना मशीन. फक्त समोरच्याला एक प्रश्न विचारावा लागतो. तेवढाही वेळ नाही का आपल्याकडे?