नकार द्या, पण शेरा लिहा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कुणाचा कॉम्प्युटर रुसला की निरोप माझ्याकडे येतो. शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून नोकरी झाली, निवृत्तीनंतर हा उद्योग आपोआप गळ्यात पडला. तक्रार बहुधा ठरलेली: ‘‘काकू, डाउनलोड तर केलं, पण गेलं कुठे?’’ डाउनलोड्सचा फोल्डर उघडला की तेच आधार कार्ड पुन्हा पुन्हा उतरवलेलं दिसतं, नावापुढे कंसात (१), (२), (३). सापडलं नाही म्हणून पुन्हा उतरवलं, त्याचा हा हिशेब.

यात माणसांचा दोष मला दिसत नाही. क्रोम कुणाला न विचारता फाइल डाउनलोड्समध्ये टाकून मोकळा होतो. कोपऱ्यात एक खूण चमकते, ती बघेपर्यंत गेलेलीही असते. फाइल कुठे ठेवायची ते आधी विचारण्याची सोय त्याच्या सेटिंग्जमध्ये आहे, फक्त ती मुळात बंद असते. मी जाईन त्या घरी ती चालू करते. मग ‘‘दर वेळी विचारत बसतं हो!’’ अशी कुरकुर येते. विचारू दे की. ज्याने जागा स्वतः सांगितली, त्याला ती आठवते. आणि आधीच हरवलेल्या फाइलसाठी क्रोममध्ये कंट्रोल आणि जे ही बटणं एकदम दाबावीत. यादी येते, आणि फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे तेही तिथूनच उघडून बघता येतं.

फाइल सापडूनही ती उघडायला ‘परवानगी नाही’ असं उत्तर येतं, ते दुखणं जास्त खोल आहे. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात घरच्या कॉम्प्युटरवर फाइलला मालक नव्हता. खुर्चीत बसेल तो मालक. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि तोवर ऑफिसांपुरती असलेली एनटीएफएस ही डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत घरोघर पोहोचली. आता प्रत्येक फाइलला मालक असतो, आणि ती कुणी वाचावी, कुणी बदलावी याची नोंदही. त्याच वर्षी आपल्याकडे एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झाला. आमच्या पिढीतल्या कितीतरी क्लार्कांचा माउसवर हात त्यानेच बसला. घरच्या फाइलचा मालक कोण, हा प्रश्न मात्र तेव्हा आम्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता.

तो उभा राहतो जुना कॉम्प्युटर बंद पडल्यावर. शेजारच्या वहिनींचं असंच झालं. जुनी हार्ड डिस्क काढून नव्या लॅपटॉपला जोडली, तर लेकीच्या लग्नाच्या फोटोंवर ‘परवानगी नाही’. दुकानदाराने डेटा गेल्याचं सांगून रिकव्हरीचे काही हजार मागितले. गेलं काहीच नव्हतं. फोल्डरचा मालक होतं जुन्या मशीनवरचं खातं, आणि नव्या विंडोजला ते ओळखताच येत नव्हतं. मालकाच्या जागी नावाऐवजी आकड्यांची लांबलचक माळ दिसत होती. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे ओनरसमोरच्या चेंजवर जाऊन वहिनींचं आत्ताचं खातं निवडलं आणि आतल्या सगळ्या फाइलींनाही तोच मालक लावण्याच्या चौकटीत खूण केली. मग त्याच खात्याला वाचण्या-बदलण्याची परवानगी दिली. फोटो भरपूर, त्यामुळे वेळ लागला. चहा झाला, नवरदेवाच्या मामांचा मानपान पुन्हा एकदा ऐकून झाला, आणि फोटो उघडले.

यूट्यूबवर मात्र सर्रास सांगतात की एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाका, तेही अख्ख्या सी ड्राइव्हवर. हे कृपा करून करू नका. एव्हरीवनमध्ये आगंतुक व्हायरसही आला. लिनक्सवाल्यांचं सगळ्यांना सगळं खुलं करणारं ‘७७७’ त्याच जातीचं. अडलेल्या फोल्डरपुरतंच बघावं, विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरला हात लावू नये. कित्येकदा नकार योग्यही असतो. मेलवरून आलेल्या एक्सेल फाइलमधले मॅक्रो, म्हणजे आतल्या छोट्या आज्ञावल्या, मायक्रोसॉफ्ट २०२२ पासून आपणहून अडवतं, कारण त्याच वाटेने आजवर पुष्कळ घाण आत शिरली आहे. पाठवणाऱ्याला फोन करून खात्री झाली, तर प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकची चौकट आहेच.

माझा राग नकारावर नाही, तो मुक्याने देण्यावर आहे. आमच्या ऑफिसात अर्ज परत करायचा तर त्रुटी काय, याचा शेरा लिहावा लागे. नाहीतर हेडमास्तर आम्हालाच उभं करत. इथे कारण मशीनला ठाऊक असतं. ‘हा फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या खात्याचा आहे, मालकी घ्यायची का?’ एवढं वाक्य पडद्यावर आलं असतं, तर वहिनींना दुकानाची पायरी चढावी लागली नसती. कंपन्या दर वर्षी बटणांचे कोपरे गोल करतात. त्यातले चार दिवस या वाक्यांवर घालवावेत, आणि ती धड मराठीत लिहावीत.

एका ठिकाणी मालकी बदलूनही भागत नाही. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क मुळातच कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असते. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून तर हे आणखी सर्रास झालं आहे. अशी डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती नसेल तर मीही हात जोडते. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप चालू आहे तोवर ती छापून घ्या आणि विम्याच्या कागदांच्या फाइलीत लावून ठेवा. त्या कागदावर कोणत्या लॅपटॉपची, तेवढं पेनाने लिहा.