मानसशास्त्राची पदवी आणि घरी अडकलेल्या मुली

जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राच्या पदवीला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नका, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले आहे. २०२१ च्या आरोग्य व्यवसायविषयक कायद्यात हा विषय येतो, हे त्यामागचे कारण.

कारण मला पटते. या पदवीत नुसता सिद्धान्त नसतो. संख्याशास्त्र, प्रयोग आणि मानसिक चाचण्याही असतात. समोर माणूस बसवून चाचणी कशी घ्यायची, हे टपालाने आलेल्या पुस्तकातून येत नाही. शिवाय नुसत्या बी.ए.वर कोणी उपचार करू शकत नाही. त्यासाठी पुढचे शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

पण पहिली पायरीच कोणाची गेली? लग्न झालेली, शिवणकाम करून घर चालवणारी, कॉलेजपासून लांब राहणारी मुलगी घरून शिकू शकत होती. आपल्याकडे अशा मुली पुष्कळ आहेत. आणि आपल्याच मोहल्ल्यांत एखादीची झोप उडाली की डॉक्टरच्या आधी ताईत येतो. तिचे दुखणे तिच्या भाषेत ऐकणारी शिकलेली मुलगी याच घरांतून यायला हवी.

म्हणून प्रात्यक्षिकांची अट मुळीच सैल करू नये. लेखी विषय मात्र घरून शिकू द्यावेत आणि प्रात्यक्षिके जिल्ह्याच्या कॉलेजात, सुट्टीत सलग घ्यावीत. आयोगाकडे ही मागणी आपण करू. तोवर ज्यांच्या गावात कॉलेज आहे, त्या आईबापांनी तरी मुलीला अडवू नये.