व्हाइस इंचावर घेऊ नका, वजनावर घ्या



परवा भाच्यानं मोबाईलवरून सहा इंची व्हाइस मागवला. निळा चकचकीत रंग, खाली फिरतं बूड. म्हणतो, "मामा, दुकानापेक्षा स्वस्त पडला." मी उचलून बघितला तर एका हातात आला. म्हटलं, परत पाठव. पोरगं नाराज झालं. म्हणून सगळं लिहून काढतोय, त्याच्यासाठी बी आणि तुमच्यासाठी बी.

असलाच एक मी तीन वर्षांखाली घेतला होता. शहरातल्या दुकानातून, 2,200 रुपये मोजून. दुकानदारानं विचारलं, "किती इंची देऊ?" मी म्हणालो सहा. जबडा मोठा म्हणजे व्हाइस मोठा, एवढंच माझं डोकं. मृगात पाऊस बरा झाला. 75 ते 100 मिमी पडल्याशिवाय सोयाबीन पेरू नका हे विद्यापीठाचं सांगणं मी पाळतो, तेवढा पडला, वाफसा आला, आणि पेरणी यंत्राचा फण दगडाला लागून वाकला. फण व्हाइसमध्ये धरला, घण घेतला. तिसऱ्या घावाला जबड्यामागची मानच तुटून पायाशी पडली. तुटलेली जागा राखाडी, दाणेदार, गुळाची ढेप फोडल्यासारखी. वेल्डिंगवाल्याकडं नेला तर म्हणाला, बीड आहे, साध्या रॉडनं धरणार नाही. निकेलचा रॉड आणा, आधी नीट तापवावं लागंल, तरी टिकंल का नाही सांगत नाही. फण सरळ करून आणण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस आला, वाफसा मोडला, पेरणी आठ दिवस लांबली. 2,200 च्या व्हाइसनं किती खाल्लं ते धरा आता.

व्हाइसमध्ये धरून घण मारू नये, हे मला बी कळतं. पण शेतकरी मारतोच! वखराची पास, रोटाव्हेटरचं पातं, ट्रॉलीची पिन, आपलं काम घावाचंच. घडीव कामाला घ्यायचं आणि घाव चालत नाही म्हणून सांगायचं, तर मग ते घड्याळ दुरुस्तीवाल्याला विका.

आता धातूचं. स्वस्त व्हाइस साध्या बिडाचा असतो. बीड दाबाला भक्कम, पण ताणाला आणि झटक्याला कच्चं. वाकत नाही, सरळ तुटतं. त्याच्यापेक्षा एसजी आयर्न, म्हणजे डक्टाइल, चिवट असतं. ओतीव पोलाद आणखी वरचं. दुकानदाराला हेच विचारा: कशाचा आहे? "लोखंडाचा" म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. मग उलटा करून बघा. खालून किती पोकळ आहे, स्क्रू किती जाड आहे, जबड्याच्या पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्या बदलता येणाऱ्या आहेत का. आणि वजन काटा. हलक्या सहा इंचीपेक्षा जड चार इंची कधी बी चांगला. फिरतं बूड आपल्याला लागत नाही, ते घावाला हलतं. स्थिर बुडाचा घ्या.

मी सध्या वापरतो तो जुना आहे. भंगारवाल्याकडं 26 किलो भरला, 90 रुपये किलोनं 2,340 ला पडला. नव्याच्या तुटक्या आठवणीएवढ्याच पैशात. पण "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांशी बी माझं भांडण आहे. जुन्यात फसवणूक नव्यापेक्षा जास्त, कारण जुन्याला बिल नसतं.

जुन्यावर ताजा रंग दिसला की आधी संशय घ्या. रंगाखाली पुट्टी असते, पुट्टीखाली भेग. जबड्यामागची मान, सरकत्या भागाचा तळ आणि बोल्टाचे कान या तीन जागा खरवडून बघा. पितळी रेघ दिसली म्हणजे तुटलेला सांधलाय. व्हाइस सुटा असेल तर लहान हातोडीनं वाजवा. खणखणीत वाजला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा बदबद वाजला तर सोडून द्या. मग दांडा उलटा फिरवा. जबडा हलायच्या आधी थोडं रिकामं फिरणारच, पण अर्धा फेरा नुसताच फिरत असेल तर नट झिजलाय. स्क्रूचे आटे मधोमध बघा, झीज तिथंच जास्त असते. चौकोनी आटे सुरीसारखे पातळ झाले असतील तर लेथवाल्याचा खर्च धरून भाव करा. दोन्ही टोकांना वर्तमानपत्राची पट्टी धरून जबडा आवळा. एकीकडची पट्टी सहज निघाली तर जबडा वाकडा बसतोय. पट्ट्यांचे दात घासलेत म्हणून मात्र नाकारू नका, पट्ट्या नव्या मिळतात. ते नुसतं भाव पाडायचं कारण.

आणि आपल्या पूर्णेकरांना एक वेगळं सांगणं. आपलं गाव जंक्शन. मीटर गेज होतं तेव्हा इथं लोको शेड होतं, आणि "रेल्वेचा माल आहे, मरेपर्यंत टिकंल" असं सांगून इकडं काही बी विकतात. माल भक्कम असंलही. पण अंगावर रेल्वेची खूण असलेली वस्तू लिलावाच्या कागदाशिवाय घरात आणली तर 1966 चा रेल्वे मालमत्ता कायदा आहे. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद लागू शकते. रेल्वे भंगार विकते, पण लिलावानं विकते. विकणाऱ्याकडं पावतीची नक्कल मागा. "कशाला पायजे, मी हाय ना" म्हणाला की उठा. दोन हजारांसाठी आरपीएफ दारात नको.

खूण खरवडून काढलेली दिसली तर तर बिलकुल नको.

ज्यांचं काम जास्त घावाचं आहे त्यांनी पायाचा व्हाइस शोधा, लोहाराकडं असतो तो. घडीव असतो, एक पाय जमिनीला टेकतो, घाव त्या पायातून खाली जातो. गावोगावची लोहारशाळा बंद पडतीय आणि हे व्हाइस किलोवर वितळायला चाललेत. मला विचाराल तर हा खरा तोटा. लोहारांना विश्वकर्मा योजनेत 2023 पासून अवजारांसाठी 15,000 पर्यंत मिळतात, चांगलंच आहे. पण शेतकऱ्याच्या यांत्रिकीकरणाच्या यादीत ट्रॅक्टर आहे, रोटाव्हेटर आहे, पेरणी यंत्र आहे. ते वाकल्यावर धरायचं कशात, हे मला त्या यादीत कधी दिसलं नाही. इथं वाचणारे कृषी सहायक, विद्यापीठाचे साहेब, तुम्हालाच म्हणतोय. ट्रॅक्टरला आठ-नऊ लाख घालणाऱ्याला व्हाइस, कानस आणि ऐरण घ्या असं एकदा तरी शिबिरात सांगा.

बसवताना एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. बाभळीचा खुंट काळ्या रानात गाडला, त्यावर व्हाइस ठोकला. पावसाळ्यात घट्ट होता. चैत्रात जमीन भेगाळली आणि खुंट दातासारखा हलायला लागला. खड्डा मोठा घ्या, काळी माती काढून मुरूम ठोकून भरा, नाहीतर सिमेंटात बसवा. जबड्याचा माथा उभं राहिल्यावर कोपराच्या उंचीला येऊ द्या, कानस मारताना कंबर वाचते. दांड्यात पाईप घालून आवळू नका, दांड्याची लांबी माणसाच्या ताकदीच्या हिशोबानं ठेवलेली असते. घाव घालायचाच असेल तर स्थिर जबड्याच्या दिशेनं घाला, सरकत्याच्या नको.

भाच्यानं अजून परत पाठवला नाही. सात दिवसांची मुदत आहे, चार झाले. रविवारी त्याला घेऊन भंगारवाल्याकडं जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर या, हातोडी आणि वर्तमानपत्र मी आणतो, भाव मात्र ज्यानं त्यानं करायचा.