बेडफर्ड : भांडी सांधणाऱ्याचे शहर

लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनातून सुटलेली जलद गाडी सुमारे चाळीस मिनिटांत बेडफर्डला पोहोचते. आपल्याकडे कल्याण-बदलापूरची माणसे रोज लोकल धरून मुंबईला येतात, तशीच इथली कितीतरी माणसे रोज लंडनला कामाला जातात. ग्रेट ऊझ नदीच्या काठी वसलेल्या या शहरात कष्टकरी माणसाने पाहावे असे बरेच आहे.

शहरात जॉन बन्यनचा ब्राँझचा पुतळा आहे. तो १८७४ साली उभारला. बन्यन १६२८ साली जवळच्या एल्स्टो गावी जन्मला. फुटकी भांडी सांधण्याचा बापाचा धंदा त्यानेही उचलला. शिक्षण बेताचेच. पण तो लोकांपुढे धर्मावर बोलू लागला. सरकारमान्य चर्चच्या परवानगीशिवाय असे बोलणे गुन्हा होता. १६६० साली त्याला पकडले. 'पुन्हा प्रवचन करणार नाही' एवढे कबूल केले असते, तर तो सुटला असता. त्याने ते केले नाही. बारा वर्षे तुरुंगात काढली. घरी बायको आणि चार मुले, त्यात एक मुलगी आंधळी. तुरुंगात नाड्या तयार करून, त्या विकून तो घराला हातभार लावी.

१६७८ साली त्याचे 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' प्रसिद्ध झाले. एका यात्रेकरूची ही कथा पुढे दोनशेहून अधिक भाषांत गेली. मराठीत हरि केशवजी यांनी ती १८४१ साली 'यात्रिक क्रमण' या नावाने आणली. तिच्यातला ईश्वर आणि स्वर्ग आपण मानत नाही. पण धर्मावर कोणी बोलावे आणि कोणी गप्प बसावे, हे वरच्यांनी ठरवायचे, हा अनुभव आपल्या ओळखीचा आहे.

त्याच तुरुंगात १७७३ साली जॉन हॉवर्ड हा अधिकारी गेला. निर्दोष सुटलेले कैदीही तुरुंगाधिकाऱ्याची फी भरता येत नाही म्हणून आत अडकलेले त्याने पाहिले. त्याने देशभरचे तुरुंग पालथे घातले, संसदेपुढे साक्ष दिली आणि १७७४ साली ही फी बंद करणारा कायदा झाला. त्याचाही पुतळा शहरात आहे.

शिक्षणाची कथा मात्र दुहेरी आहे. बेडफर्डचा विल्यम हार्पर लंडनचा महापौर झाला. १५६६ साली त्याने गावच्या शाळेसाठी लंडनमधली जमीन दान दिली. त्या उत्पन्नावर मोठ्या शाळा उभ्या राहिल्या. पण १८१९ साली न्यायालयाने ज्यू मुलांना या दानाचा लाभ नाकारला. दान शिक्षणाचे असले, तरी दार सर्वांना उघडे असतेच असे नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरे बांधायला विटा हव्या होत्या आणि भट्ट्यांवर माणसे मिळेनात. म्हणून १९५१ पासून दक्षिण इटलीतल्या गरीब गावांतून हजारो मजूर इथे आणले. मागून भारत-पाकिस्तानचेही कामगार आले. त्यामुळे आज शहरात इटालियन कॉफीची दुकाने आहेत आणि रविदासी व वाल्मिकी समाजाची वस्तीही आहे. स्ट्युअर्टबीची मोठी वीटभट्टी २००८ साली बंद झाली.

इथली खास शिदोरी म्हणजे 'क्लँगर'. गुरांची चरबी घालून मळलेल्या पिठाची लांब गुंडाळी करायची. एका टोकाला मांस-बटाटा, दुसऱ्या टोकाला सफरचंद किंवा जॅम. पूर्वी ती फडक्यात बांधून उकडत, आता भाजतात. एकाच डब्यात जेवणही आणि गोडही! शेतमजुराच्या घरातल्या बाईने काढलेली ही युक्ती आपल्या आयाबहिणींना लगेच पटेल.

नदीकाठची बाग, १८८८ सालचा झुलता पूल आणि बन्यनचे संग्रहालय पाहण्याजोगे आहे. जवळच कार्डिंग्टनला विमाननौकांची प्रचंड कोठारे आहेत. तिथून 'आर १०१' ही विमाननौका ४ ऑक्टोबर १९३० रोजी कराचीला निघाली आणि फ्रान्समध्ये कोसळली. ४८ जण गेले. त्याच दिवशी बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून बोटीने निघाले होते.

लंडनला शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी किंग हेन्रीज रोडवरचे बाबासाहेबांचे घर पाहावेच. पण एक दिवस बेडफर्डलाही जावे. राजेरजवाड्यांचे वाडे सगळेच पाहतात. भांडी सांधणाऱ्याचा पुतळा पाहून यावे आणि घरी फोन करून आईवडिलांना त्याची गोष्ट सांगावी.