दुसरा ओटीपी

कळंबा तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींनी परवा मेथीची पेंडी पिशवीत टाकता टाकता मोबाईल पुढं केला. “दादा, हे जरा बघा की. लाडक्या बहिणीचं हाय म्हणं.” मेसेजमधल्या लिंकवर आधार आणि बँक खात्याचा नंबर मागितला होता, पत्ता मात्र सरकारी नव्हता. मी तो मेसेज तिथंच पुसायला लावला. ‘लाडकी बहीण’ योजनेचा महिना दीड हजाराचा हप्ता चालू राहायचा तर सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, आणि सुरुवातीला तिच्यात बाईबरोबर नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला! मावशींचे मालक जाऊन नऊ वर्षं झाली, वडील त्याआधीच गेले. दुसरा ओटीपी आणायचा होता कुठनं? भामटा नेमका अशा अडलेल्या बाईलाच गाठतो. ‘करून देतो’ म्हणत एकानं त्यांचे दोनशे रुपये आधीच उकळलेत. हजारो पुरुषांनी या योजनेचे पैसे उचलल्याचं उघड झालंय, तेव्हा पडताळणी हवीच. पण ‘फुकटची खिरापत’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. त्या पैशातनं मावशींच्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात, गॅसची टाकी येते. ही पडताळणी अंगणवाडीच्या दारात, ओळखीच्या सेविकेसमोरच व्हायला हवी. तोवर शेजारच्या मावशी-काकूंना एवढं सांगाच: ई-केवायसीला एक रुपयाही लागत नाही, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, आणि पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच १९३० ला फोन लावायचा.